मंत्रीसाहेब, सासूबाईंची रिंग काढली, आता मला फोन करायचं बंद करा

माननीय मंत्रीमहोदय,
राष्ट्रीय आरोग्य आयोग, बीजिंग

सादर नमस्कार. मी मूळची कराडची, लग्न होऊन अकरा वर्षं शांघायला आहे. मराठीत लिहितेय कारण चिनीत टाकलेली पोस्ट टिकणार नाही, आणि निदान आमच्या लोकांनी तरी हे वाचावं.

मंगळवारी सासूबाईंच्या पोटातली रिंग काढली. आपल्याकडे तांबी म्हणतात ना, तसलीच, पण स्टीलची, गोल, आणि तिला दोरा नाही, म्हणजे ऑपरेशनशिवाय निघूच नये. १९८६ ला माझ्या नवऱ्याचा जन्म झाला आणि काही महिन्यांत, दुसरं मूल होऊ नये म्हणून, आन्ह्वेई प्रांतातल्या त्यांच्या गावात बसवली, विचारलं कुणी नाही, वर दर तीन महिन्यांनी जागेवर आहे का बघायला बोलवायचे. पाळी जाऊन बारा वर्षं झाली तरी आता काढा असं एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. मांसात रुतली होती, रक्त थांबेना, शेवटी गर्भपिशवीच काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, बिल किती झालं?

बुधवारी सकाळी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते तेव्हा सरकारच्या वस्ती समितीच्या बाईंचा फोन. मुलगी सहा वर्षांची झाली ना, दुसऱ्याचं कधी बघताय, शेवटची पाळी कधी आली? अहो, जरा तरी लाज?

१९८३ च्या एका वर्षात दोन कोटींच्या आसपास नसबंद्या, दीड कोटीच्या जवळ गर्भपात, आणि त्याच वर्षी तुमच्या कुटुंबनियोजन मंत्र्यांना संयुक्त राष्ट्रांचं बक्षीस, तेही आमच्या इंदिराबाईंबरोबर वाटून! आणीबाणीतली नसबंदी आमचे लोक विसरले नव्हते हो. गरिबांच्या अंगावर सुरी चालवायची आणि हार घालून घ्यायचे, तुमचं सरकार काय नि आमचं काय.

२०१५ पर्यंत एकच मूल, मग दोन, २०२१ पासून तीन. २०१२ ला शाआन्शी प्रांतात जादा मुलाचा दंड भरता आला नाही म्हणून सात महिन्यांच्या गरोदर बाईचा गर्भ जबरदस्तीने पाडला, आणि आता तुम्हीच पोराला वर्षाला ३,६०० युआन देताय, तेही तीन वर्षांचं होईपर्यंत. माझ्या मुलीच्या बालवाडीची दोन महिन्यांची फीसुद्धा निघाली नसती त्यात. कंडोमवर २०२६ पासून १३ टक्के टॅक्स, आणि बिनलग्नाच्या मुलीला स्वतःची अंडी गोठवायची तर परवानगी नाही. मावससासूबाईंचं नाव चाओदी, म्हणजे भावाला बोलावून आण. आमच्या साताऱ्यात अशाच पोरींना नकोशी म्हणायचे, २०११ ला अडीचशेवर जणींची नावं सरकारने बदलली तरी, तुमच्या चाओदींकडे कोण बघणार?

मागणं एवढंच, ज्या बायकांच्या पोटात अजून रिंगा आहेत त्यांना घरी जाऊन सांगा, खर्च तुम्ही करा, त्रास झाला त्यांना भरपाई द्या. आणि ते फोन थांबवा.

डॉक्टरांनी रिंग प्लास्टिकच्या पुडीत घालून दिली. एवढ्या वर्षांनीही चकचकीत आहे. मी कचऱ्यात टाकायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला, म्हणाल्या ठेव, तपासायला आले तर दाखवावी लागेल.

कराडची एक लेक