व्यायामाची मात्रा मोजून देणाऱ्या ताईंना

प्रिय फिजिओथेरपिस्ट ताई,

सप्रेम नमस्कार.

दुखरा गुडघा, आखडलेला खांदा किंवा धरलेली कंबर घेऊन माणूस आधी आम्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे येतो. आम्ही तपासतो, लागलाच तर एक्स-रे काढतो, ऑपरेशनची गरज नाही असं सांगतो आणि चिठ्ठीवर ‘फिजिओथेरपी’ एवढाच शब्द लिहून त्याला तुमच्याकडे पाठवतो. त्या शब्दापुढचं सगळं तुम्ही करता. त्याबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र. ते खुलं ठेवलं, कारण तुम्ही एकेकाला समोर बसवून जे समजावता ते दुखणाऱ्या सगळ्यांनाच वाचता यावं.

पहिले आभार मात्रेबद्दल. ‘व्यायाम करा’ हा सल्ला ‘औषध घ्या’ म्हणण्याइतकाच अर्धवट आहे. कोणतं, किती, कितीदा, किती आठवडे, आणि त्रास झाला तर किती कमी करायचं, हे तुम्ही कागदावर आकड्यांत लिहून देता. त्यातही सगळ्यात मोलाचा तुमचा दुखण्याचा हिशेब. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर खुशाल चालू ठेवायचं. चार-पाचपर्यंत गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. दुखणं नेहमीच्या पातळीवर उतरलं असेल तर मात्रा बरोबर होती. उतरलं नसेल किंवा सांधा सुजला असेल तर व्यायाम सोडायचा नाही, एक तृतीयांश कमी करायचा. पाचच्या वर गेलं तर तिथेच थांबायचं. हा हिशेब माहीत नसला की माणूस पहिल्या कळेलाच घाबरून सगळं बंद करतो. मग मांडीचा स्नायू आणखी रोडावतो, पावलागणिक बसणारा धक्का शोषायला तो पुरा पडत नाही आणि सांधा आधीपेक्षा लवकर कुरकुरतो.

‘वंगण संपलं’, ‘गॅप गेली’, ‘हाडावर हाड घासतंय’ ही वाक्यं लोक बऱ्याचदा आमच्याच तोंडून ऐकून तुमच्याकडे येतात. ती पुसायला तुमचा पहिला अर्धा तास जातो, याची आम्हाला जाणीव आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. वजन पडतं आणि उतरतं, त्या दाबाने सांध्यातला द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणजे बेताचा भार हा गुडघ्याचा शत्रू नाही. कूर्चेत वेदना सांगणाऱ्या नसाही नाहीत. दुखतं ते सांध्याचं अस्तर, कूर्चेखालचं हाड आणि आजूबाजूचे स्नायू. म्हणूनच एक्स-रेमध्ये खूप झीज असलेला माणूस जिने चढताना दिसतो आणि थोडी झीज असलेला लंगडताना. कंबरेच्या एमआरआयचंही तेच. कंबर अजिबात दुखत नसलेल्यांचे एमआरआय पाहिले, तर विशीतल्या साधारण एक तृतीयांश लोकांत मणक्यातली गादी झिजलेली किंवा फुगलेली दिसते, ऐंशीतल्या जवळजवळ सगळ्यांत.

ऑपरेशनबद्दलचा आमचा स्वतःचा पुरावाही तुमच्या बाजूने आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये झीज झालेल्या १८० गुडघ्यांवर चाचणी झाली. काहींची दुर्बिणीने साफसफाई केली, काहींना त्वचेवर नुसता छेद दिला. दोन वर्षांनी दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये झिजून फाटलेल्या मेनिस्कसबाबत (गुडघ्यातल्या गादीबाबत) हेच दिसलं, २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये खांद्यातलं हाड तासण्याबाबतही. गुडघा खरोखर अडकून सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी.

झिजलेल्या गुडघ्यासाठी तुम्ही देता ती खुर्चीवरची ऊठबस आम्ही बारकाईने पाहिली आहे. पाठ टेकलेली नाही, पावलं खांद्याइतक्या अंतरावर, हात छातीवर घडी घालून. उठायला दोन सेकंद, बसायला पूर्ण तीन. दहा वेळा, मग दीड मिनिट विश्रांती, असे तीन संच, एक दिवसाआड. चुकतं ते बहुधा बसताना. शेवटच्या टप्प्यात माणूस धपकन अंग टाकतो, म्हणजे स्नायूला जिथे सगळ्यात जास्त काम करायचं तिथेच तो सुटतो. दुसरी चूक म्हणजे उठताना गुडघे एकमेकांकडे झुकणं, त्याने वाटीवर तिरका ताण येतो. फारच दुखत असेल तर तुम्ही व्यायाम काढून घेत नाही, खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करता. आणि सलग दोन वेळा बारा-बारा सहज झाले की उशी काढता, पुढे हातात दोन किलो देता. ही उशी आम्हाला कधी सुचली नसती.

सरळ पाय उचलण्याचा व्यायाम सोपा दिसतो म्हणून तोच जास्त चुकतो. आधी मांडी घट्ट करायची, पाऊल आपल्याकडे ओढायचं आणि मगच पाय वीतभर उचलून पाच सेकंद धरायचा. गुडघा किंचितही वाकला तर खुब्याचा स्नायू काम उरकून घेतो, मांडीच्या पुढच्या स्नायूला काहीच मिळत नाही. पहिले दोन आठवडे थोडं जास्त दुखेल आणि खरा फरक सहा ते आठ आठवड्यांनी कळेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता, त्यामुळे लोक टिकतात. त्याच्या जोडीला दोन गोष्टी. एक किलो वजन कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. आणि काठी दुखऱ्या बाजूला नाही, विरुद्ध हातात धरायची. काठीची मूठ मनगटाच्या रेषेइतकी उंच, कोपर किंचित वाकलेलं.

डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल आम्ही लिहून देतो, पण ते लावायचं कसं हे लोक तुमच्याकडून शिकतात. बोटभर चोपडून चालत नाही. एक टक्क्याचं जेल असेल तर एका गुडघ्याला एका वेळी साधारण चार ग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा, न फुटलेल्या त्वचेवर. वरून शेक द्यायचा नाही, घट्ट गुंडाळायचं नाही. त्याच जातीच्या गोळ्या सोबत चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचंही नाही, कारण मूत्रपिंड आणि जठरावरचा ताण दोन्हीकडून वाढतो.

कंडरांच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, बाबतीत तर आम्ही बरीच वर्षं उलट सांगत होतो, ‘महिनाभर आराम करा’. स्वीडनच्या होकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेमागच्या कंडरेसाठी टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मांडला. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, वाकवून पंधराचे तीन, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. दिवसाला एकशे ऐंशी होतात. तुम्ही त्यातही जागा बघता. दुखणं कंडरेच्या मध्यभागी असेल तर पायरीच्या कडेखाली टाच सोडायची. टाचेच्या हाडाला जिथे ती चिकटते तिथेच दुखत असेल तर सपाट जमिनीपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर कंडरा हाडावर चेपली जाते. हा एक फरक न कळल्याने कितीतरी जणांनी ‘व्यायामाने वाढलं’ म्हणून सोडून दिलंय.

सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत सुई टोचल्यासारखं होतं, त्यावर तुमचा उपाय अंथरुणातच सुरू होतो. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढायची, तळव्याची दोरी अंगठ्याने चाचपून ताठ झाल्याची खात्री करायची, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. हे पाय जमिनीवर टेकण्याआधी. नंतर केलं तर पहिला झटका बसून गेलेला असतो. दिवसातून आणखी दोनदा. एक्स-रेत दिसणारं वाढलेलं हाड बहुतेकदा दुखण्याचं कारण नसतं, ते न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं.

टेनिस एल्बोत, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, आमच्या हातातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सहा आठवड्यांत आराम देतं आणि वर्षभराने पाहिलं तर न घेतलेल्यांपेक्षा वाईट ठरतं. तुम्ही त्याऐवजी मनगट वर धरून ठेवायला लावता, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. मग अर्धा-एक किलोचं वजन सावकाश खाली सोडायला. आणि पिशवी उचलताना तळहात वर, कोपर अंगाजवळ. सुटायला महिने लागतात, हे लपवत नाही.

खांद्याबाबत तुमची एक तपासणी आम्ही शब्दशः उचलली आहे. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. स्वतःला वळवता येत नाही, पण दुसऱ्याने धरून वळवला तर वळतो, मग बहुधा स्नायू किंवा कंडरा दुखावली आहे. कोणीच वळवू शकत नाही आणि एक्स-रे स्वच्छ आहे, मग फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आखडलेला खांदा. हा मधुमेह असलेल्यांत जास्त, चाळिशी ते साठीत जास्त. पहिल्या काही महिन्यांत, रात्री झोप मोडणारं दुखणं असताना, तुम्ही ताणत नाही. पुढे झुकून हात लोंबता सोडून हलके झोके, एवढंच. याच काळात सांध्यातलं एखादं इंजेक्शन उपयोगी पडतं, त्यासाठी तुम्ही रुग्ण आमच्याकडे वळवता. दुखणं ओसरून नुसती आखडण उरली की मग ताण. जोर करून खांदा ‘मोकळा’ करायला निघालेल्यांनी हा क्रम मोडला की दुखणं पुन्हा भडकतं.

कंबरेत उसण भरली की दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नका, जमेल तेवढं चाला, हे तुमचं पहिलं वाक्य. बहुतेकांचं सहा आठवड्यांत निवळतं. बरं झाल्यावरही हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालायला लावता, कारण त्याने पुढची उसण लांबते.

ताज्या मारावर आणि लचकीवर थोडक्यात: पहिले दोन-तीन दिवस चोळणं नाही, शेक नाही. कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पट्टी आणि पाय उशीवर. शेक जुन्या आखडणीसाठी. पायाची संवेदना कमी झालेल्यांना गरम पिशवी देऊ नका, चटका कळत नाही.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत, तुम्ही आमच्याकडे परत पाठवलेल्या रुग्णांबद्दल. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तासांचा प्रश्न असतो. कंबरदुखीसोबत लघवी अडली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय. एकाच पोटरीला सूज आणि दाबल्यावर दुखणं, तर रक्ताची गुठळी आहे का हे पाहीपर्यंत मालीश अजिबात नाही. सकाळची आखडण तासाहून जास्त टिकते आणि दोन्ही हातांची बोटं सुजतात, तर तो झिजेचा नाही, सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचा मामला आणि तिथे औषध लवकर सुरू व्हावं लागतं. कारण नसताना वजन घटणं, रात्री पडल्यावरही न थांबणारं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग, हेही तुम्ही पहिल्याच भेटीत विचारता.

आमच्या बाजूने एक बदल करतो आहोत. यापुढे चिठ्ठीवर नुसता ‘फिजिओथेरपी’ हा शब्द येणार नाही. निदान, दुखणं किती आठवड्यांचं, साखर आणि रक्तदाब, चालू गोळ्या, दिलेलं इंजेक्शन आणि त्याची तारीख, कोणती हालचाल वर्ज्य आणि कधीपर्यंत, एवढं लिहून येईल. त्यात आणखी काय हवं ते कळवा, रकाना वाढवतो.

आपले ऋणी,
अस्थिरोग विभागातले डॉक्टर