शनिवारच्या पालकसभेबद्दल

सर्वांना नमस्कार. शनिवारी सकाळी ११ वाजता शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा आहे. विषय एकच: पोरं घरी मोबाइलवर जे करतात, त्यात शाळेनं किती पडायचं?

माझं मत आधीच सांगतो. वर्गातल्या पोरीचा फोटो बिघडवून ग्रुपवर फिरवला, तर तो रात्री घरून फिरवला म्हणून शाळेला हात झटकता येणार नाहीत. सकाळी तिला त्याच बाकावर बसायचंय. पण गुरुजींनी पोरांचे मोबाइल उघडून चाळणं मला पटत नाही. शिक्षाही जपूनच, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मारहाण आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे.

तातडीची मदत लागली तर सभेची वाट बघू नका, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावा.

ऊसतोडीला गेलेल्यांनी आपलं म्हणणं व्हॉइस मेसेजनं पाठवावं. गुड मॉर्निंगचे फोटो तेवढे नकोत.

– सचिव