फवारणीनंतर झरीच्या पाण्यात काय उरतं ते तपासा

संपादक महोदय,

यंदाही पाऊस लागायच्या आधी गोव्यात आमच्या फोंडा तालुक्यातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, फवारणीची धांदल झाली. कोळेरोग, म्हणजे सुपारीला बुरशी, आली की कच्ची सुपारी कुजून झाडाखाली सडा पडतो आणि वर्षाचं उत्पन्न गेलंच समजा, त्यामुळे फवारू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतःच फवारतो.

आमचे बाबा बुरशीसाठी बोर्डो मिश्रण करायचे, शंभर लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, आणि कोयत्याचं पातं बुडवून बघायचे, पात्यावर तांबूस थर धरला तर अजून चुना घाला. त्यातलं तांबं नाहीसं होत नाही, मातीत साठत जातं, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलं तर माशांना बाधतं, ते दुखणं आहेच. आता बरेच जण मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पिवळी पावडर आणतात, पुडी फोडली की काम सुरू. दुकानात सांगतात, दोन दिवसांत पाण्यात फुटून जातं, काळजी नको.

हे अर्धंच खरं आहे! मॅन्कोझेब लवकर फुटतं हे बरोबर, पण फुटून त्याचं इथिलीन थायोयुरिया, म्हणजे ईटीयू होतं, आणि ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं धरून राहत नाही, पावसाबरोबर खाली झिरपू शकतं. ईटीयू थायरॉइडला हार्मोन बनवण्यात अडथळा आणतं, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या त्याच हार्मोनवर अवलंबून असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत थायरॉइडचा कॅन्सरही दिसलाय. युरोपियन युनियनने डिसेंबर 2020 मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी वाढवून दिली नाही. आपल्याकडे मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकं बंद करायचा मसुदा निघाला त्यात हेही नाव होतं, पण पुढे औषध विकलं जातच राहिलं.

गेल्या वर्षी मी डोळ्यांनी बघितलं, फवारणी आटपल्यावर एका मुलाने पंप आणि बॅरल थेट व्हाळात खंगाळला. पिवळसर पट्टा पाण्यावरून हळूहळू खाली गेला, आणि तिथून पन्नास पावलांवर बायका कळशी लावतात ती झर. त्या मुलाची चूक नाही हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्या बायकांना सांगितलं तर म्हणाल्या आम्ही उकळून पितो. उकळून जंतू मरतात, ईटीयू जात नाही. उलट भाजीवर मॅन्कोझेब राहिलं असेल तर शिजवताना त्याचंच ईटीयू होतं, म्हणून भाजी चिरण्याआधी नीट धुवायला हवी.

आणि पाणी तपासून घ्यावं म्हटलं तर तिथेही अडचण. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या 2012 च्या भारतीय मानकात कीटकनाशकांच्या तक्त्यात डीडीटी, एन्डोसल्फान, मोनोक्रोटोफॉस अशी नावं आहेत, एकही बुरशीनाशक नाही. म्हणजे रिपोर्ट चांगला आला तरी ईटीयू नाही असं होत नाही, कारण ते शोधलेलंच नसतं.

कृषी खात्याने औषध विकणाऱ्यांना आणि फवारणाऱ्यांना व्हाळापासून लांब बॅरल धुवायला सांगावं, आणि सरकारने कुळागरांखालच्या झरी-विहिरींचं पाणी जून-जुलैमध्ये ईटीयूसाठी तपासावं, रिपोर्ट पंचायतीत लावावा. आमच्या झरीचं पाणी मी स्वतः बाटलीत भरून आणून देतो, कुठल्या लॅबमध्ये द्यायचं तेवढं सांगा.

एक कुळागरवाला, फोंडा तालुका