बाबा, वर्षाची वर्गणी भरली आहे

पुणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

मुद्द्याचे आधी लिहिते, कारण फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच फोन आईच्या हातात देतात. बाबा, सोलापुरात आपल्या विजापूर रोडकडे पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी वॉकिंग फुटबॉलचा, म्हणजे चालत खेळायच्या फुटबॉलचा, जो क्लब सुरू केला आहे, त्यात मी तुमचे नाव घातले असून वर्षाची वर्गणीही भरली आहे. काही झाले तरी पैसे परत मिळत नाहीत, हे मी मुद्दाम विचारून घेतले आहे. तुम्हाला न विचारता केले याचा राग येणार हे ठाऊक आहे. पण विचारले असते तर तुम्ही ‘गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग पाहू’ म्हणाला असतात आणि गड्ड्यानंतर उन्हाळा आडवा आला असता.

फुटबॉल म्हटले की आईला तुमचा प्लॅस्टरमधला पाय आणि त्या वर्षीची दिवाळी आठवते. म्हणून आई, हे तू नीट वाच. हा खेळ २०११ साली इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड येथे, तिथल्या फुटबॉल क्लबच्या सामाजिक संस्थेने पन्नाशी ओलांडलेल्या लोकांसाठी सुरू केला, आणि त्यातला मुख्य नियमच असा आहे की धावायचे नाही. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय सुटलेले दिसले की शिट्टी वाजते आणि समोरच्या संघाला फ्री किक मिळते. घसरत जाऊन चेंडू काढणे, मागून अंगावर जाणे, ढकलणे हे सगळे फाउल. चेंडू साधारण डोक्याच्या उंचीच्या खालीच ठेवायचा असल्यामुळे हेडिंगचाही प्रश्न येत नाही. मैदान लहान असते, एका बाजूला पाच ते सात जण असतात, गोलकीपरने आपली जागा सोडायची नाही आणि इतरांनी त्याच्या जागेत शिरायचे नाही. बारीकसारीक नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण धावण्याची बंदी सगळीकडे आहे. प्लॅस्टरची वेळ ज्या गोष्टींमुळे आली होती, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट इथे नियमानेच काढून टाकली आहे.

बाबा, आता तुमच्याशी. चालत खेळायचा फुटबॉल म्हणजे पोरखेळ, असे तुम्ही म्हणणार. मला मात्र क्लबच्या मंडळींनी उलटच सांगितले. कधीच न खेळलेला माणूस इथे पटकन रुळतो आणि तरुणपणी खेळलेल्याची जास्त पंचाईत होते, कारण चेंडू पुढे दिसला की त्याचे पाय आपोआप धावू लागतात आणि तो सारखा फाउल देत राहतो. तुम्ही राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेने धावत खेळणारे, त्यामुळे पहिले काही दिवस शिट्टी तुमच्याच नावाने वाजेल आणि त्यावर तुम्ही रेफरीशी वाद घालाल, हे मला आत्ताच दिसते आहे. कृपा करून घालू नका. माणसांना धावता येत नसल्यामुळे सगळी धाव चेंडूला काढावी लागते, म्हणजे मोकळी जागा हेरून अचूक पास देणे हेच खरे कसब उरते, आणि त्यात तुमच्या वयाच्या मंडळींत तुमचा हात धरणारा कोणी असेल असे मला वाटत नाही. भारताचे फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या बड्या क्लबांत न जाता ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळत राहिले, आणि १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या दोन गोलांपैकी एक त्यांचा होता, हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवले आहे की शाळेतल्या सनावळ्यांआधी मला तो सन पाठ झाला. रेल्वे मैदानाच्या कठड्यावर मला शेंगांची पुडी देऊन बसवत होतात आणि सामना संपला की घामेजल्या खांद्यावर घेऊन सायकलपर्यंत नेत होतात. तुमच्या पायातले कसब माझ्या मुलांनी अजून पाहिलेले नाही.

संभाजी तलावाला रोज फेरी मारतो, तेवढे पुरे आहे, असे तुमचे म्हणणे असते. चालणे चांगलेच आहे, ते सोडा असे मी सांगत नाही. परंतु आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि पासष्टीनंतर त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. सरळ रस्त्याने चालताना तोलाचा सराव फारसा होत नाही. चेंडू अडवताना मात्र थांबावे लागते, वळावे लागते, क्षणभर एका पायावर उभे राहावे लागते. आत्याचे बाथरूममध्ये जे झाले, ते मी अजून विसरलेले नाही. आणि खरे सांगायचे तर तलावावर तुम्ही हल्ली एकटेच जाता. जोशीकाका मुलाकडे गेल्यापासून तुम्ही दिवसभरात किती बोलता, हे आई मला सांगत नाही, पण मला कळते. मी पुण्यात बसून ती जागा भरून काढू शकत नाही, निदान तुम्हाला नावाने हाक मारून ‘पास दे’ म्हणणारी चार माणसे तरी मिळावीत.

घरची काळजी करू नका. दूधवाला आता पिशवी दाराच्या कडीला अडकवून जाईल. ज्या पहाटे नळाला पाणी येईल त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा मुलगा मोटार लावेल, त्याच्याशी बोलले आहे. खेळ सोडून पाण्यासाठी घरी पळत यायचे नाही. जाण्यायेण्याला आपला नेहमीचाच रिक्षावाला आहे. आई, बाबा गेल्यावर तो तासभर तू दार लावून शांतपणे चहा घे आणि पेपर आधी तू वाच. असेच क्लब बायकांसाठी चाळिशीपासून असतात, पण तुझ्या गुडघ्यांना मी त्या वाटेला लावणार नाही. वाटले तर एखाद्या दिवशी खुर्ची टाकून नुसते बघायला जा.

आता काही गोष्टी सांगते, त्यावर चर्चा नको. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते तपासून हो म्हणेपर्यंत मैदानात पाय ठेवायचा नाही. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडमुळे व्यायामात साखर एकदम उतरू शकते, म्हणून तिची वेळ आणि मात्रा त्यांनाच विचारून ठरवा, उपाशीपोटी जाऊ नका आणि निघण्याआधी घरच्या यंत्रावर साखर पाहा. ती शंभराच्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊनच निघायचे. खिशात ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे, आणि हात थरथरले किंवा दरदरून घाम आला तर ‘एवढा डाव संपू दे’ म्हणायचे नाही. छातीत दडपल्यासारखे झाले तर तिथेच थांबून लगेच सोबतच्यांना सांगायचे. सुरुवातीची दहा मिनिटे अंग मोकळे करण्यात जाऊ द्या, पोटऱ्या आखडतात त्या बहुधा याच आळसामुळे. मार्चपासून सोलापूरचे ऊन काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी साडेसातच्या पुढे मैदानावर थांबायचे नाही. घरी आल्यावर तळपाय आईला दाखवा, कारण बारीक जखम तुम्हाला जाणवत नाही.

कपाटावरचे ते स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, जुने बूट जपून ठेवा, पण घालू नका. आपल्याकडच्या टणक जमिनीवर स्टड पायाला त्रास देतात. सपाट, पकड असलेल्या तळव्याचे बूट आणि नडगीची गार्ड मी येताना आणते. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते आहे, जेवायला थांबू नका. आई, बाबांच्या पायाचे माप संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून घे आणि फोटो काढून पाठव. त्यांना नंबर विचारू नकोस, ते लग्नातल्या बुटांचा सांगतील.

तुमची,
छकू