साडेतीन तारे म्हणजे नक्की किती?

संपादक महोदय,

शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाला आपल्या पुरवणीत तारे मिळतात आणि पुष्कळ वाचक मजकूर न वाचता तेवढेच बघून तिकिटे काढतात. तारे बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ते कशाचे आहेत, हे मात्र छापले पाहिजे. नावाजलेल्या चित्रपटांबाबत तर हा गोंधळ फारच होतो.

आधी संकेतस्थळांवरच्या आकड्यांचे बघू. रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. शंभरही जणांनी ‘बरा आहे, एकदा बघा’ असे लिहिले तरी चित्रपट 100 टक्क्यांवर जातो. उलट 59 जण त्याच्या प्रेमात पडले आणि 41 जणांना तो रुचला नाही, तर ‘ताजा’ ठरायला लागणारी 60 टक्क्यांची रेषा हुकते आणि सडक्या टोमॅटोचा शिक्का बसतो. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांना 1 ते 10 गुण देता येतात, पण दिसतो तो आकडा साध्या सरासरीचा नसतो. त्यांच्या पहिल्या 250 चित्रपटांच्या यादीसाठी सांगितलेल्या सूत्रात खऱ्या मतांत सर्व चित्रपटांच्या सरासरीइतक्या गुणांची 25,000 काल्पनिक मते मिसळली जातात. समजा, ती सरासरी 7 आहे. नव्या चित्रपटाला 400 मते मिळाली आणि त्यांची सरासरी 9.4 आली, तर हिशेब 7.04 वर येतो. जुन्याला 40,000 मते आणि 8.3 असतील, तर 7.8. म्हणजे मतांची संख्या न छापता ‘अमुक चित्रपटाने शोलेला मागे टाकले’ अशी बातमी देणे चूक आहे. शिवाय पहिल्या आठवड्यात मत देणाऱ्यांत चाहते 10 देतात आणि विरोधक 1. अशा वेळी किती जणांनी कोणता गुण दिला, तो तक्ता उघडून पाहावा. दोन्ही टोकांना गर्दी असेल, तर मधली सरासरी कुणाचेच मत नसते.

आता ‘शोले’च घ्या. गुण द्यायचे ते कोणत्या ‘शोले’ला? 1975 साली, आणीबाणीत, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट बदलला गेला आणि गब्बरला ठाकूरच्या हातून मरण येण्याऐवजी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, असे दाखवले गेले. मूळ शेवटाची पुनर्संस्कारित (जुन्या फिल्मवरून दुरुस्त करून नव्याने तयार केलेली) प्रत जून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन शेवटांचे दोन अर्थ होतात, कारण एकात ठाकूरचा सूड पुरा होतो, दुसऱ्यात कायदा त्याला अडवतो. त्यातच 70 मिमीच्या पडद्यावर स्टिरिओ ध्वनीत ऐकलेला झोपाळ्याचा करकर आवाज आणि जुन्या चौकोनी टीव्हीवर दोन्ही कडा कापून पाहिलेली तीच चौकट, यांना एकच गुण कसे देणार? या चित्रपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले, संकलनाचे, आणि ते मा. स. शिंदे यांना. ते रास्तच होते. ठाकूरच्या नातवावर बंदूक रोखली जाते आणि दृश्य तिथेच तुटते. मृत्यू दाखवलेलाच नाही, म्हणून तो जास्त लागतो. आमचे गुण 10 पैकी 9. एक गुण कापला तो जेलर आणि सूरमा भोपालीच्या लांबलेल्या प्रसंगांसाठी.

‘सैराट’ला (2016) ‘पहिला भाग चार तारे, दुसरा अडीच’ असे म्हणणारे बरेच भेटतात. आम्हाला हे मान्य नाही. 174 मिनिटांच्या या चित्रपटात हैदराबादचा भाग मुद्दाम सपाट ठेवला आहे. गाणी थांबतात, स्लो मोशन जाते, उरतात खोली, कामधंदा, संशय आणि भांडणे. अजय-अतुलच्या भरगच्च वाद्यवृंदाची कानाला सवय झालेली असते, म्हणूनच शेवटी जेव्हा आवाजच काढून घेतला जातो तेव्हा ती शांतता असह्य होते. मधला तास छाटला तर शेवट नुसता धक्का उरेल. साडेनऊ. अर्धा गुण गेला तो पहिल्या भागात स्लो मोशन जरा जास्त झाल्याबद्दल.

‘कोर्ट’ला पूर्ण 10. पण तो मोबाइलवर पाहून ‘संथ’ ठरवू नये. कॅमेरा दूर आणि स्थिर आहे, न्यायालयातल्या मागच्या बाकांवर काय चालले आहे ते सहा इंची पडद्यावर दिसतच नाही.

म्हणून विनंती अशी की ताऱ्यांखाली दोन ओळी छापाव्यात. चित्रपट कुठे पाहिला (चित्रपटगृह, खास खेळ की घरी), कोणती आवृत्ती आणि किती मिनिटांची. जुना चित्रपट पुन्हा लागला असेल, तर प्रत पुनर्संस्कारित आहे का, तेही लिहावे. तारे एकट्याने दिले की संपादकीय बैठकीत ठरले, हेही कळावे. अभिनय, पटकथा, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन यांचे गुण वेगवेगळे द्यायला जागा नसेल, तर निदान अर्धा तारा कशापायी कापला ते एका वाक्यात सांगावे.

— काही चित्रपटरसिक, पुणे