शनिवारचे साडेचार

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी कान पकडते. शुक्रवारी तुम्ही अमेरिकन ओपन टेनिसच्या मॅचची वेळ विचारलीत, तेव्हा मी 'साइटवर असतं की सगळं, बघा ना' म्हणून मोकळी झाले. काल रात्री वाहिनीची तीच साइट उघडून स्वतः बसले. घड्याळ लावून सांगते, पाऊण तास गेला. तुमच्या चष्म्याचा काही दोष नाही.

पान उघडलं की वर एक भलंमोठं चित्र आपलं आपण सरकत राहतं. त्याखाली व्हिडिओ, त्याखाली आणखी व्हिडिओ, तेही गेल्या महिन्यातले. 'वेळापत्रक' हा शब्द पानावर कुठेच नाही. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबल्या की यादी उघडते, त्यात अगदी तळाशी, 'आमच्याविषयी'च्या जरा वर तो सापडला. तिथे बोट नेलं आणि नेमकी त्याच क्षणी खालून जाहिरात वर आली. मी मोबाइल रिचार्जच्या पानावर पोचले. दोनदा!

आता तुमचा शनिवार. साइटवर शनिवारच्या पानावर 'टेनिस, लाइव्ह, ४:३०' असं होतं. तुम्ही शनिवारी पहाटे उठून बसलात आणि समोर दुसऱ्याच दोघी खेळत होत्या. त्यात चूक कुणाची, ते मला काल कळलं. बऱ्याच वाहिन्यांचा 'दिवस' रात्री बारा वाजता बदलत नाही, पहाटे पाच-सहाला बदलतो. म्हणजे शनिवारच्या पानावरचे साडेचार हे शनिवार संपतानाचे, आपल्या हिशेबाने रविवार पहाटेचे. तुम्ही पाहिलंत ते न्यूयॉर्कमधलं शुक्रवार रात्रीचं सत्र होतं. पानावर सकाळ-संध्याकाळही लिहिलेली नाही. वाहिनीच्या ऑफिसात हा हिशेब चालत असेल, पण तो आपल्या अंगावर का टाकायचा? एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं.

तिथे रात्रीचं सत्र संध्याकाळी ७ला सुरू होतं. सप्टेंबरात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, म्हणून आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार. (नोव्हेंबरात तिथली घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेदहा तास. ती भानगड सध्या आपल्याला नको.)

एका गोष्टीत मात्र मी वाहिनीची बाजू घेईन. रात्रीच्या सत्रातली दुसरी मॅच पहिली संपल्यावरच सुरू होणार, तिची वेळ कोण सांगणार? २०२२ साली अल्काराझ आणि सिनरची उपांत्यपूर्व फेरीची मॅच तिथल्या पहाटे २:५०ला संपली होती. सव्वापाच तास चालली. आपल्याकडे तेव्हा दुपारचे १२:२० झाले होते! अशा वेळी 'अमुक वाजण्यापूर्वी नाही' एवढंच लिहिता येतं, आणि तेवढं प्रामाणिक आहे. राग वेळ चुकण्याचा नाही, खेळाडूंची नावं न लिहिता चार दिवस ओळीने नुसतं 'टेनिस, लाइव्ह' छापण्याचा आहे.

आणि रविवारी मॅच हुकली म्हणून तुम्ही पुनःप्रक्षेपणाची वेळ शोधायला गेलात, तर वर सरकणाऱ्या पहिल्याच चित्रात जिंकलेली बाई मूठ उगारून उभी. आई म्हणाली, त्यानंतर तुम्ही टीव्हीच लावला नाहीत.

म्हणून आता साइट सोडा. कुणाची मॅच कोणत्या कोर्टावर, हे स्पर्धेच्या स्वतःच्या साइटवर 'ऑर्डर ऑफ प्ले'मध्ये आदल्या दिवशी येतं. ते मी बघून तुम्हाला तारीख, वार आणि 'पहाटे' असं अक्षरात लिहून पाठवत जाईन. वाहिनी कोणती, ते रिमोटवरचं 'गाईड' बटण दाबून बघा. त्या पट्टीवर बारानंतर वार बदलतो, मी तपासलंय. नावं तिथेही नसतात, पण ती माझ्या निरोपात असतील.

पुढची मॅच गुरुवारच्या रात्रीच्या सत्रात आहे. म्हणजे शुक्रवारी पहाटे साडेचार. गुरुवारी रात्री नेहमीसारखे झोपा, उठाल तेव्हा मॅच असेल. मी सव्वाचारला फोन करते.

आई, बाबांनी गजर कुठल्या वाराचा लावलाय, ते एकदा तू बघ.

तुमची लेक