पोलंडच्या संशोधनाबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळिवड्याच्या पोलिश छावणीवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. दुसऱ्या महायुद्धामुळे बेघर झालेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात आपल्या पंचगंगेकाठी राहून गेले, ही हकिकत नव्या पिढीला सांगायलाच हवी. पण पोलंडचा विषय निघाला की आपण कोल्हापूरकर छावणी, स्मृतिस्तंभ आणि पाहुण्यांचे सत्कार इथेच थांबतो. त्या लेखात एक ओळ होती, की छावणीतल्या मुलांसाठी पोलिश भाषेतल्या शाळा होत्या. ज्यांचे घरदार गेले, ज्यांना उद्या कुठे जायचे ते ठाऊक नव्हते, ते लोक परमुलखात आधी आपल्या भाषेतली शाळा उभी करतात. त्या ओळीनेच मला हे पत्र लिहायला लावले.

मी धातुशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शिरोली आणि उद्यमनगरच्या कितीतरी फाउंड्रींत माझे विद्यार्थी आहेत. वर्गात सिलिकॉनचा धडा आला की फळ्यावर एक नाव मी पूर्ण लिहीत असे: यान चोह्राल्स्की. इंग्रजी पुस्तकांत त्याच्या पद्धतीचा उल्लेख बहुधा ‘सीझेड’ एवढ्यावर उरकलेला असतो. हा माणूस १८८५ मध्ये क्त्सिन्या या लहान गावात जन्मला. तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. बर्लिनमध्ये काम करत असताना १९१६ मध्ये धातूचा स्फटिक किती वेगाने वाढतो हे मोजण्याची रीत त्याने शोधली. हकिकत अशी सांगतात, की टिपणे लिहिता लिहिता त्याने टाक दौतीऐवजी शेजारच्या वितळलेल्या कथलात बुडवला. बाहेर काढला तर टोकाला धातूची बारीक तार लोंबत होती, आणि तपासल्यावर ती अख्खी तार म्हणजे एकच स्फटिक निघाली.

यातले नवल फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. साच्यात रस ओतला की तो असंख्य ठिकाणी एकदम गोठायला लागतो, म्हणून बिडाचा तुकडा मोडला तर आत दाणेच दाणे दिसतात. चोह्राल्स्कीच्या रीतीत एकाच दाण्याला वाढू देतात. आज चिपसाठी सिलिकॉन तयार करताना ते क्वार्ट्झच्या मुशीत १,४१४ अंश सेल्सिअसच्या वर तापवून वितळवतात. पेन्सिलीएवढा बीजस्फटिक वरून त्या रसाला नुसता टेकवतात आणि गोल फिरवत वर ओढू लागतात, मिनिटाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर इतक्या संथ गतीने. खाली मूस उलट्या दिशेने फिरत असते, भोवती आर्गॉन वायू असतो. ओढ जराशी वाढली की जाडी कमी होते, तापमान हलले की स्फटिकात दोष शिरतो. तासन्‌तास हे चालते, तेव्हा कुठे ३०० मिलिमीटर व्यासाचा, माणसाच्या उंचीचा एकसंध स्फटिक हाती येतो. त्याच्या चकत्या कापून त्यावर चिप घडवतात. आपल्या खिशातला मोबाईल त्या रीतीवाचून चालला नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चोह्राल्स्कीवर शत्रूशी, म्हणजे जर्मनांशी, संगनमताचा आरोप झाला. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी जिथे तो प्राध्यापक होता त्या वॉर्सा पॉलिटेक्निकने त्याला परत घेतले नाही. १९५३ मध्ये तो गेला, आणि त्याच संस्थेने त्याचा मान त्याला परत दिला २०११ मध्ये. मला हे वाचून वाईट वाटते आणि बरेही वाटते. उशिरा का होईना, जुनी कागदपत्रे उघडून त्यांनी अन्याय दुरुस्त केला.

दुसरे उदाहरण आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतलेच. कॉम्प्युटरच्या मुलांना डेटा स्ट्रक्चर शिकताना ‘रिव्हर्स पोलिश’ पद्धतीने गणिती पदावली लिहावी लागते: आधी संख्या, मग चिन्ह, कंसाची गरजच नाही. मुले स्टॅकच्या चौकटी काढून परीक्षेत गुण मिळवतात, पण हे ‘पोलिश’ कुठून आले ते त्यांना कोणी सांगत नाही. यान वुकाशेविच हा ल्वूव (आजचे युक्रेनमधले ल्विव) शहरात जन्मलेला तर्कशास्त्रज्ञ. १९१९ मध्ये तो नव्याने स्वतंत्र झालेल्या पोलंडचा शिक्षणमंत्रीही होता. १९२४ च्या सुमारास त्याने चिन्ह आधी लिहिण्याची रीत बसवली. तीच उलटी केली की ‘रिव्हर्स पोलिश’. संगणक तेव्हा जन्मलाही नव्हता. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांत बुडालेल्या माणसाचे काम पुढे कॅल्क्युलेटर आणि संगणकाच्या कामी आले. पुढे उपयोग काय, असे विचारून आपण मानव्यविद्येच्या विभागांना जी वागणूक देतो, ती देताना हे ध्यानात ठेवावे.

ल्वूवबद्दल लिहू लागले तर पत्र संपणार नाही. तिथल्या स्कॉटिश कॅफेत स्टेफान बानाख आणि त्याचे सहकारी संगमरवरी टेबलावर पेन्सिलीने गणिते मांडत. ती पुसली जातात म्हणून बानाखच्या पत्नीने जाड वही आणून दिली. १९३५ पासून त्या वहीत प्रश्न लिहिले जाऊ लागले. १९३६ मध्ये स्तानिस्वाव माझूरने एका प्रश्नाला बक्षीस म्हणून जिवंत हंस लावला, आणि १९७२ मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाला तो वॉर्सात खरोखरच देण्यात आला. त्याच शहरात रुडॉल्फ वाइग्ल टायफसवर लस बनवत होता. (टायफस म्हणजे आपला विषमज्वर नव्हे, तो उवांमधून पसरणारा वेगळा ताप.) लस उवांच्या आतड्यांतून काढायची, म्हणून उवा पोसायच्या, आणि त्यांना माणसाचेच रक्त लागे. नाझी ताब्याच्या काळात बानाख आणि इतर अनेक विद्वान उवांच्या छोट्या पेट्या पायाला बांधून बसत, कारण वाइग्लच्या संस्थेत काम असल्याचा कागद जवळ असला तर जीव वाचण्याची शक्यता होती. सगळ्यांचा वाचला नाही. जुलै १९४१ मध्ये ल्वूवच्या विसाहून अधिक प्राध्यापकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी नोव्हेंबर १९३९ मध्ये क्राकूवच्या विद्यापीठातून १८० हून अधिक जणांना धरून छळछावणीत नेले होते. एका देशाची विद्याच मुळासकट उपटायची, हा त्यामागचा हेतू होता.

युद्धानंतर ल्वूव सोव्हिएत हद्दीत गेले. उरलेले बरेच प्राध्यापक व्रोत्सवाफ या उद्ध्वस्त शहरात आले आणि तिथले विद्यापीठ आणि पॉलिटेक्निक त्यांनी नव्याने उभे केले. त्या पॉलिटेक्निकमध्ये २००५ पासून जे काम चालले आहे, ते आपल्याला सर्वांत जास्त उपयोगाचे आहे. तिथल्या इंजिनीअरांनी आणि भाषातज्ज्ञांनी मिळून ‘स्वोवोशेच’ नावाचे पोलिश शब्दांचे जाळे विणले: कोणता शब्द कशाचा समानार्थी, कोणता कोणत्या प्रकारात मोडतो, कोणता कशाचा भाग, असे नाते लावलेले. प्रिन्स्टनचे इंग्रजी जाळे हाताशी होते, त्याचे भाषांतर करून मोकळे होता आले असते. त्यांनी ते केले नाही. पोलिशमधली लाडाची रूपे, स्त्रीलिंगी रूपे, क्रियापदांच्या जोड्या इंग्रजी चौकटीत बसत नव्हत्या, म्हणून पोलिश मजकूर धुंडाळून त्यांनी स्वतःची नाती ठरवली. आज ते जगातल्या सर्वांत मोठ्या शब्दजालांपैकी एक आहे.

क्राकूवची एजीएच ही मुळात खाणकाम आणि धातुशास्त्राची अकादमी, १९१९ मध्ये सुरू झालेली. माझ्याच विषयाची संस्था, म्हणून मला तिचे विशेष कौतुक. तिच्या सायफ्रोनेट केंद्रातल्या महासंगणकांवर ‘बिएलिक’ हे पोलिश भाषेचे मॉडेल (मजकुरावरून भाषा शिकलेली संगणकप्रणाली) तयार झाले, आणि त्यासाठी लागणारा पोलिश मजकूर स्वयंसेवकांच्या एका गटाने गोळा केला. भट्टी आणि खाण शिकवणाऱ्या संस्थेला भाषेचे काम परके वाटले नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. याच देशाचे खगोलशास्त्रज्ञ १९९२ पासून चिलीतल्या लास कांपानास वेधशाळेतून आकाश निरखत आहेत. आपल्या आकाशगंगेची तबकडी सपाट नसून कडेला मुरडलेली आहे, हे त्यांनी २०१९ मध्ये स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या नकाशाने दाखवले.

हे सगळे इंग्रजीला दूर ठेवून झालेले नाही. गणितज्ञ यानिशेवस्कीने १९१८ मध्ये सुचवले होते, की पैसा थोडा, माणसे थोडी, तेव्हा एकाच शाखेवर जोर लावा आणि जगाला वाचता येईल असे नियतकालिक काढा. १९२० मध्ये ‘फुन्दामेन्ता मातेमातिके’ निघाले, त्यातले लेख फ्रेंच वगैरे भाषांत असत. वर्गात मात्र पोलिश, आणि पाठ्यपुस्तकेही पोलिश. शोधनिबंध जगाच्या भाषेत आणि शिक्षण आपल्या भाषेत, अशी ती वाटणी होती.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत ‘मराठी शब्दबंध’ झाला आहे, तो हिंदीच्या शब्दजालाचा आधार घेऊन. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. पुढचे काम मात्र हातानेच करावे लागेल. मोल्डिंगवर उभा असलेला कामगार ब्लो होल (ओतीव तुकड्यातले वायूचे छिद्र) कशाने पडला हे अचूक मराठीत सांगतो. त्याच कारखान्यातला माझा विद्यार्थी तो अहवाल इंग्रजीत लिहितो आणि कामगाराला तो कधीच वाचता येत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या एकाच आवारात मराठी विभागही आहे आणि तंत्रज्ञान विभागही. दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जोडीने प्रकल्प घेऊन शिरोलीतल्या एका कारखान्याची बोली जरी नीट नोंदवली, तरी उत्तम सुरुवात होईल.

आणि शेवटी आपल्याकडे मागणे. पोलिश भाषेचा राष्ट्रीय मजकूर-संग्रह (कॉर्पस) दीड अब्जाहून अधिक शब्दांचा आहे. तो चार संस्थांनी मिळून उभारला: दोन पोलिश विज्ञान अकादमीच्या, एक विद्यापीठ, आणि चौथी एक प्रकाशनसंस्था. त्यात पुस्तके आहेत, संभाषणे आहेत, आणि वर्तमानपत्रेही आहेत. आपल्या दैनिकाच्या दप्तरात कित्येक वर्षांची मराठी पडून आहे: बाजारभाव, पूर, निवडणुका, वाचकांची पत्रे, छोट्या जाहिराती. इतकी रोजच्या वापरातली मराठी कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. लेखकांचे हक्क सांभाळून हा मजकूर संशोधनासाठी विद्यापीठाकडे सोपवता येईल का, याचा आपण विचार करावा. पुरवणीत महिन्यातून एखादा लेख अशा संशोधनावर यावा, हे दुसरे मागणे. मजकूर वर्गवार लावण्याच्या कामाला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक कोल्हापुरात पुष्कळ मिळतील, आणि त्यांना बोलावून आणायची जबाबदारी मी घेते.

आपली,
धातुशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, कोल्हापूर